नळकांडं घेऊन धानीच्या तांड्यावर

"बाबा, हवापालट करा," डॉक्टरसाहेब म्हणाले.

मी म्हटलं, "साहेब, हवाच आत जात नाही, पालटू काय?"

ते हसले नाहीत. कापसाच्या जिनात मी पस्तीस वर्षं सरकी काढायच्या यंत्राजवळ उभा राह्यलो. कापूस लोकांच्या अंगावर गेला, त्याची बारीक रुई माझ्या छातीत बसली. आता दहा पावलं चाललो की अकराव्यासाठी थांबावं लागते.

पण मी हवेसाठी नाही गेलो. सुभद्रासाठी गेलो. सुभद्रा माझी बायको. हिवाळ्यात कावीळ होऊन मेली. माझा दम सांभाळता सांभाळता तिनं आपले पिवळे डोळे कोणाले दाखवले नाहीत, अन् मी पाह्यले नाहीत. मरायच्या दोन दिवस आधी म्हणे, "धानीले तुमी सोता जाऊन सांगजा. कार्डावर नोका सांगू."

धानी म्हणजे मानोऱ्याकडच्या तांड्यावरची बंजाऱ्याची बाई. आधी ती दर हंगामात वाशीमले जिनाच्या आवारात यायची. किडका कापूस, ज्याले कवडी म्हणतात, तो वेचून वेगळा काढायचं काम. सुभद्राही त्याच कामावर. छप्पन साली आमी धम्म घेतला, त्याच्याही आधीची गोष्ट. आमच्या मडक्याचं पाणी तेव्हा आवारात कोणी पीत नव्हतं. धानी पहिल्या दिवशी आली, सुभद्राचा लोटा उचलला, घटाघटा प्याली अन् म्हणे, "बाई, थंडं आहे तुहं पाणी." तेव्हापासून त्या दोघी बहिणी. दुष्काळानंतर तांडेच्या तांडे ऊसतोडीले जाऊ लागले. धानीही गेली, वाशीमले यायची बंद झाली. सुभद्रा दरवर्षी म्हणे, आपण जाऊ तिच्या तांड्यावर, आठ दिवस राहू. मी म्हणे, पाहू. पाहूच म्हणत राह्यलो.

अन् तिनं एवढं बजावलं तरी मी काय केलं? कार्डच टाकलं. 'सुभद्रा गेली. कळावे.' एवढं लिहिलं अन् पेटीत टाकलं. उत्तर आलं नाही. मग घरात माझं बूड टिकेना. या ओट्यावरून उठलो की त्या ओट्यावर, तिथून विहाराच्या पायरीवर, पायरीवरून घरी, अन् घरी पोचलो की पुन्हा बाहेर. दम लागे तरी फिरे. तीन महिन्यांत चपलेचे तळ गेले.

चैतात माझे व्याही आले. पुंडलिकराव, पोरीचा सासरा, मानोऱ्याजवळचा कास्तकार. माणूस चांगला, पण बिडीचं इंजिन. ते म्हणे, "चला व्याही, मी नेतो तांड्यावर. अठी बसून चपला काहून झिजवता?"

डॉक्टरसाहेबांनी दवाखान्यातलं एक लहान लोखंडी नळकांडं दिलं. त्यात प्राणवायू भरलेला. वर काटा, काट्याखाली पाण्याची बाटली, बाटलीतून रबरी नळी, अन् नळीच्या टोकाले नाकातोंडावर बसणारा मुखवटा. लहान म्हटलं तरी ज्वारीच्या अर्ध्या मणाच्या पोत्यानं जेवढा खांदा दुखते तेवढा दुखवते. साहेबांनी चावी कशी फिरवायची ते दाखवलं अन् म्हणाले, "सहा तास पुरेल. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. जवळ विस्तव नको, बिडी नको, अन् चावी कितीही घट्ट झाली तरी तेल लावायचं नाही. भडका होईल."

पुंडलिकराव बाहेर येऊन म्हणे, "तेल नाही, बिडी नाही, विस्तव नाही. ह्याच्यापेक्षा तुमची विहीण बरी. तिले दोनच गोष्टी चालत नाहीत."

वाशीम ते मानोरा

स्टँडवर कंडक्टरनं दारात पाय आडवा टाकला.

"हे गॅसचं आहे. गाडीत चालत नाही."

"गॅस नाही बापा, हवा आहे," व्याही म्हणे.

"हवा तर बाहेर फुकट आहे."

"फुकटची ह्याईले पचत नाही."

कंडक्टरनं नळकांड्याले कान लावला. डॉक्टरची चिठ्ठी उलटी-सुलटी पाह्यली. मग नळकांड्याचं तिकीट फाडायचं का नाही, ते ड्रायव्हरले विचारलं.

ड्रायव्हर म्हणे, "बसून राह्यलं का उभं?"

"उभं."

"मंग काहाचं तिकीट."

मंगरूळपीरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगाले पळस. पानं नाहीत, नुसती फुलं. शेतं उघडी, कपाशीच्या पराट्या उपटून नेलेल्या, जमीन टाचांसारखी तडकलेली. मले काही पाहावं वाटे ना. गाडी थांबली की वाटे हे कायले थांबले, अन् चालली की वाटे कुठी चाललो आपण, उतरावं. शेजारी एक बाई कोंबड्यांची पाटी घेऊन होती. ती नळकांड्याकडे पाहे अन् पाटी आपल्याकडे ओढे.

मंगरूळपीरले गाडी घंटाभर थांबली. मी म्हटलं, अर्धा तास लावून घेऊ. पाहतो तर बाटलीत पाणी नाही. त्या पाण्यातून बुडबुडे काढत वायू आला पाहिजे, नाहीतर घसा कोरडा पडते.

"व्याही, बाटलीतलं पाणी?"

पुंडलिकराव हातातली बिडी न पेटवता उभे. "कोणतं? ते? ते मी प्यालो. ऊन केवढं आहे."

"ते औषधाचं पाणी होतं."

"मले काय झालं मंग?"

"तुमाले काही होत नाही. तेच तर."

नळावरून बाटली भरून आणली. मी मुखवटा लावून स्टँडच्या बाकावर बसलो, तशी माणसं जमली. व्याही दूर, रस्त्याच्या पलीकडे, झाडाखाली बिडी ओढत होते अन् तिथून ओरडून सगळ्यांना सांगत होते, "सरका, सरका, बिडी कोणी नोका पेटवू, आमचे व्याही उडतीन."

संध्याकाळी मानोरा. पोरीच्या घरी एक रात्र राह्यलो. ते घरचंच, ते काय लिहायचं.

तांडा

दुसऱ्या दिवशी सकाळी व्याह्यांनी बैलगाडी जुंपली. गाडीत कडबा, कडब्यावर नळकांडं, नळकांड्याजवळ मी. तांडा गावात नसते. गावापासून वेगळा, चढावर, मोकळ्या जागी. कुडाच्या भिंती, गवताची छपरं. आमची घरं एकमेकाच्या भिंतीले टेकून असतात, इकडे दोन घरांच्या मधून गाडी जाईल एवढी जागा. बाया घागरा नेसतात अन् काचोळीवर आरसे लावतात. उन्हात एक बाई चालली की दहा ठिकाणी चमकते.

बहुतेक तांडा पंधरा दिवसांपूर्वीच ऊसतोडीवरून आला होता, रामनवमीच्या पोहरादेवीच्या यात्रेसाठी. घरोघरी ओटे सारवून राह्यले होते.

बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकून धानी बाहेर आली. साठीले टेकली असन, पण उभी सरळ. मले ओळखायले तिले थोडा वेळ लागला. मग ती पळत आली, माझे दोन्ही खांदे धरले अन् रडायले लागली. साधं रडणं नाही. गाण्यासारखं, लांब सूर काढून, मधे मधे शब्द, 'बाई' हा शब्द चार-पाच वेळा. बाकीच्या बायाही येऊन उभ्या राह्यल्या.

मी समजलो, कार्ड पोचलं. खरं सांगतो, मले बरं वाटलं. सांगायचं काम आपल्यामागून सुटलं, असं वाटलं. मी म्हटलं, "चुप बस धाने. आता रडून काय होते."

तिनं पदरानं नाक पुसलं अन् लगेच हसली. "बैस दाजी, बैस. किती वाळला तू. लोखंडाचं काय आणलं हे?"

एवढ्या लवकर डोळे कोरडे झाले, ते मले खटकलं. पण ज्याचं त्याचं दुःख. तिनं गुळाचा खडा अन् पाणी आणलं. मी गूळ तोंडात टाकला. ती समोर उकिडवी बसली अन् म्हणे,

"बाई काहून नाही आली?"

गूळ तोंडातच राह्यला.

"तुले एकट्याले पाठवलं? तिचे गुडघे दुखते का आता?"

मी चावी हातात घेतली, फिरवली अन् मुखवटा तोंडावर बसवला. दम लागला होता का? लागला होता. पण एवढा नाही. मुखवट्यातून बोलता येत नाही, हे मले त्या वेळेस समजलं.

ती बाटलीतले बुडबुडे पाहत बसली. मग म्हणे, "मागून येते का? यात्रेले येते?"

माझी मान हलली. हलवली म्हणा.

"अगं बाई, यात्रेले येते," तिनं शेजारणीले ओरडून सांगितलं, अन् घरात जाऊन सांगितलं, अन् म्हशीले चारा टाकता टाकता तिलेही सांगितलं असन.

पुंडलिकराव बिडी संपवून आले तेव्हा मी मुखवटा काढून त्यांना म्हटलं, "तिले माहीतच नाही. मंग रडली कायले?"

"अहो व्याही, त्यांच्यात रीत आहे. लांबचं माणूस भेटलं की गळ्यात पडून रडतात. गाण्यात सांगतात, इतक्या दिवसांत काय काय झालं ते. मी गेल्या साली बैल विकायले आलो तर माह्याही गळ्यात रडल्या."

"हे आधी सांगायचं होतं."

"मले काय माहीत तुमी रडण्यावर इसंबून राहसान."

आमच्यात माणूस मेलं तर माणूस भिंतीले तोंड करून रडते, अन् पाव्हणा आला तर चहा ठेवते. इकडे पाव्हण्याले आधी आसवं, मग गूळ. पाहून आलो म्हणून सांगतो. तुमी कोणी गेले तर फसू नोका.

दुसरा दिवस

धानीच्या घरी जेवायले ज्वारीची भाकर, तिले ते बाटी म्हणतात, अन् लसणाची चटणी अशी की कानातून वाफ निघावी. सकाळी न्याहारीले तेच, दुपारी तेच, संध्याकाळी वर वरण. नवरा तिचा केव्हाच गेला. पोरगा अन् सून उसाच्या फडातून अजून यायचे होते. घरात ती एकटी, अन् तोंड एका मिनिटासाठी बंद नाही.

"बाई अजून चहात आलं टाकते का? मले ठसका लागे."

"बाई रात्री निजल्यावर दात खाते का अजून? जिनाच्या आवारात आमी एका घोंगडीखाली निजत होतो. मले वाटे उंदीर आहे."

"दाजी, बाई तुले अजून मुक्या बैला म्हणते का?"

हे मले माहीत नव्हतं. पस्तीस-चाळीस वर्षं संसार केला अन् बायको मागून मले मुका बैल म्हणते, हे मले बंजाऱ्याच्या तांड्यावर समजलं. मी हसलो. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मग हसू आलं म्हणून माझा मलेच राग आला, अन् मी उठून तांड्याच्या टोकापर्यंत गेलो, तिथून परत आलो, बसलो, पुन्हा उठलो.

"ह्याले काय चावलं?" धानीनं विचारलं.

"सवय आहे," व्याही म्हणे.

दिवसभरात मी पाच वेळा सांगायले बसलो. पाचही वेळा तिनं असं काही विचारलं की मी मुखवटा लावला. ती चुलीजवळ, मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाले, कारण विस्तवाजवळ नळकांडं चालत नाही. तिथून ती ओरडून बोले अन् मी हात हलवे.

दुपारी तांड्याचे नायक आले. नायक म्हणजे तांड्याचा मुखिया. त्यांनी फेट्यातून एक कार्ड काढलं. "हे धानीच्या नावाचं आलं होतं. तांडा रिकामा. आमची म्हातारी एकटी मागं होती, तिनं छपरात खोसून ठेवलं अन् विसरली, आज सापडलं. वाचता कोणाले येते? तुमी वाचून द्या तिले."

माझंच अक्षर. कोपरा उंदरानं खाल्लेला. धानी पाण्याले गेली होती.

नायक गेल्यावर पुंडलिकराव हळूच म्हणे, "आणा, मी वाचतो तिच्यापुढे. तुमचं काम झालं. कार्ड बोलते, तुमाले बोलायचं काम नाही."

मी कार्ड घेतलं अन् बंडीच्या खिशात टाकलं. "नाही. कार्डावर नोका सांगू म्हणून ती मरता मरता म्हणाली. मी एकदा कार्ड टाकलं, दुसऱ्यांदा नाही टाकत."

"मंग सांगा ना."

"सांगतो."

"केव्हा? काटा पाह्यला का? निम्म्याच्या खाली गेला. डॉक्टरनं सकाळी अर्धा अन् संध्याकाळी अर्धा म्हटलं होतं. तुमी दम लागते म्हणून लावता, का बोलावं लागू नये म्हणून?"

व्याही माणूस साधा, पण कधी कधी असं बोलते की त्याचा बिडीवाला हात धरून बाहेर काढावा वाटते.

पोहरादेवी

रामनवमीले पहाटेच निघालो. धानीनं नवा घागरा घातला, गाडीत माझ्यासाठी घोंगडी टाकली अन् सुभद्रासाठी एक जागा ठेवली. येताना बाई गाडीत बसन म्हणून.

पोहरादेवीची यात्रा ज्यानं पाह्यली नाही त्यानं एकदा पाहावी. मी देव मानत नाही, पण माणसं मोजता येत नाहीत तिथं देवाचा हिशेब कोण करते. आंध्रातून, कर्नाटकातून बंजारे आलेले. गाड्या, ट्रक, पायी. शेताशेतात चुली, चुलीचुलीवर लापशी. त्यांच्या संत महाराजांच्या समाधीकडे विस्तवात तूप अन् नारळ टाकून भोग लावतात, त्याचा धूर अन् वास कोसभर. मले धूर सोसे ना, अन् विस्तवापासून नळकांडं दूर पाहिजे, म्हणून व्याह्यांनी मले एसटीच्या थांब्याच्या अलीकडे एका लिंबाखाली बसवलं.

धानीले मंदिराची घाई नव्हती. "आधी बाईले येऊ दे. सोबत जाऊ. ती बाहेर उभी राहीन, मी आत जाईन, पण सोबत."

ती थांब्यावर जाऊन उभी राह्यली. पहिली एसटी आली, ती प्रत्येक खिडकीत पाहत गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. बाई पांढरं लुगडं नेसून येईन, लगेच दिसन, असं तिनं मले सांगितलं होतं. नाही दिसली. परत आली, पाणी प्याली, पुन्हा गेली.

मी मुखवटा लावून बसलेलो. एक म्हातारा चिलीम घेऊन जवळ आला. व्याह्यांनी त्याले हातभर दूर ठेवलं, चिलीम विझवायले लावली, तरी तो हलेना. बराच वेळ पाहून म्हणे, "मले बी एक झुरका दे."

"हे औषध आहे," मी मुखवटा काढून म्हटलं.

"औषधच दे मंग."

दिला. त्यानं डोळे मिटून दोन-तीन लांब श्वास घेतले. मुखवटा परत देऊन ओठ पुसले. "याले चव नाही. तू रोज पेतो हे?"

"रोज."

"कठीण आहे तुहं," म्हणे अन् गेला.

दुसरी एसटी आली. धानी नाही नाही म्हणत परत आली, हातात कागदात गुंडाळलेल्या काचेच्या बांगड्या. हिरव्या. "बांगडीवाला थांब्यावरच बसला आहे. बाईचा हात माह्याएवढाच ना? मी माह्या हातावर घातल्या अन् काढल्या. त्याले म्हटलं, माह्या बहिणीच्या हाताले हाड मोठं आहे, तू मोठ्या दे. तो म्हणे, मोठ्या घातल्या तर गळतीन. मी म्हटलं, तिच्या हातातून काहीच गळत नाही." अन् हसली.

तिसरी एसटी आली. काटा तळाले टेकायले आला होता. मुखवट्यात वायू आहे का नाही ते समजेनासं झालं. मी पाहत होतो. धानीनं गाडीचा पत्रा हातानं थोपटला अन् ड्रायव्हरले काही विचारलं. मागून अजून गाडी येते का म्हणून विचारलं असन. त्यानं हात हलवला. ती तिथंच, उन्हात, सावलीतही न येता उभी राह्यली.

चौथ्या गाडीची धूळ दिसली तेव्हा मी चावी फिरवून नळकांडं बंद केलं अन् मुखवटा व्याह्यांच्या मांडीवर ठेवला.

"कुठी?"

"तिकडे."

"एवढं चालसान?"

लिंबापासून थांबा पन्नास-साठ पावलं असन. दर दहा पावलांवर थांबलो. कोणी धक्का मारे, कोणी हात देई. पोचलो तेव्हा लोक उतरून गेले होते, गाडी रिकामी होती अन् धानी रिकाम्या गाडीत वाकून पाहत होती.

"धाने," मी म्हटलं. "नको पाहू. ती नाही येत."

"उद्या येते?"

"मेली. हिवाळ्यात. कावीळ झाली."

ती माझ्याकडे पाहत राह्यली. मले वाटलं आता सूर काढन. नाही काढला. गाडीच्या दांडीले धरलेला हात तसाच.

"मंग तू मान हलवली ती?"

"खोटी."

"तीन दिवस," ती म्हणे. आवाज वाढवला नाही. "तीन दिवस मले हसू दिलं तू. बांगड्या घेऊ दिल्या. गाड्या पाहू दिल्या."

"हाव."

"काहून?"

मले बोलायले श्वास पुरे ना. तीनदा घेतला तेव्हा एक वाक्य निघालं. "वाशीमले तिचं नाव काढलं की लोक मान खाली घालतात." पुन्हा श्वास. "तुह्या घरी तिची वाट पाहून राह्यले होते. तिची वाट पाहणारं घर मले दुसरं कुठंच नव्हतं."

"मुका बैल," ती म्हणे. "बाई बरोबर म्हणे."

बांगड्या तिनं कंबरेले खोसल्या अन् पुढे चालू लागली. मंदिरात गेली नाही. बैल जुंपेपर्यंत गाडीच्या चाकाजवळ पाठमोरी उभी राह्यली.

परत तांड्यावर

रस्त्यानं व्याह्यांनी दोन वेळा बिडी काढली अन् दोन्ही वेळा न पेटवता परत ठेवली. नळकांडं तर रिकामं झालं होतं, पेटवली असती तरी चाललं असतं. गाडीतली सुभद्राची जागा तशीच राह्यली, त्यावर कोणी पाय ठेवला नाही.

संध्याकाळी धानीनं चूल पेटवली. मी सवयीनं अंगणाच्या पलीकडे जाऊन बसलो. मग आठवलं की आता दूर बसायले कारण नाही. उठलो अन् चुलीजवळ येऊन बसलो. धूर होता, खोकलो. तिनं दोन बाट्या झाल्यावर, तिसरी थापता थापता, माझ्याकडे न पाहता विचारलं,

"शेवटी काय खाल्लं तिनं?"

हे मले आजवर कोणी विचारलं नव्हतं. लोकांनी कोणता डॉक्टर, कोणतं औषध, किती दिवस, हे विचारलं. मी सांगितलं. "पेज. भाताची. मीच केली होती, मले येत नाही तशी. दोन चमचे घेतली अन् म्हणे, मीठ कमी आहे. मी मीठ आणायले उठलो. डबा सापडे ना, ती कुठी ठेवते मले माहीत नव्हतं. आणलं तोवर तिले झोप लागली होती. मंग ती उठली नाही."

धानीनं बाटी तव्यावर टाकली. माझ्या ताटात वाढली. आपण खाल्ली नाही. मले म्हणे, "खाय." तिच्या आवाजात राग होताच. मी खाल्ली.

सकाळी जाग आली ती आवाजानं. आमाले मानोऱ्याहून एसटी धरायची होती, व्याही बैल जुंपून राह्यले होते. बाहेर येऊन पाहतो तर तांड्यातल्या बाया धानीच्या ओट्यावर जमलेल्या, एकमेकीच्या खांद्यावर डोकं टेकलेल्या, अन् मधे धानी. तोच लांब सूर. पहिल्या दिवशी मी ऐकला होता तसाच, पण खालून निघत होता. एक ओळ ती म्हणे, बाकीच्या तिचा शेवट धरत.

मले त्यांची बोली समजत नाही. पुंडलिकरावांना थोडी येते. मी विचारलं, "काय म्हणते?"

ते जू हातात धरून बराच वेळ ऐकत राह्यले. "सांगून राह्यली की बाईनं पहिल्या दिवशी थंडं पाणी दिलं. बाई दात खाई. बाईच्या हाताचं हाड मोठं. यात्रेत चार गाड्या आल्या, चारही रिकाम्या. आता म्हणते, बाईच्या शेवटच्या पेजेत मीठ कमी होतं. दाजी मीठ शोधत राह्यला, त्याले डबा सापडला नाही."

बायांनी तो शेवट धरला. पंधरा-वीस बाया, ज्यांनी सुभद्राले कधी पाह्यलं नाही, त्या मिठाच्या डब्याचं रडून राह्यल्या होत्या.

मी ओट्याकडे निघालो.

"व्याही," पुंडलिकराव मागून म्हणे, "नळकांडं रिकामं आहे. रडसान तर दम लागन."

मी म्हटलं, "लागू द्या." अन् बायांनी जागा करून दिली तिथं, धानीच्या पायाशी, जाऊन बसलो.